निवेदिकाबाई फरशीवर आडव्या होतात

बसस्थानकावरच्या निवेदिकाबाईंचा आवाज असा, की माइक बंद पडला तरी कोणाची गाडी चुकत नसे. एकदा त्या चुकून चारऐवजी फलाट पाच म्हणाल्या, तर ड्रायव्हरने मुकाट्याने गाडीच पाचवर नेऊन लावली.

या आवाजाला भीक घालत नव्हती ती फक्त त्यांची अडीच वर्षांची लेक. हाका मारा, टाळ्या वाजवा, खुळखुळा नाचवा. ती आपली खेळण्यातला ट्रक उलटा करून चाक फिरवत पडलेली. बोलणं नाही, बोट करून काही दाखवणं नाही.

डॉक्टरांनी ऑटिझम असल्याचं सांगितलं. बाई दोन दिवस रडल्या आणि तिसऱ्या दिवशी स्पीच थेरपीच्या ताईंकडे गेल्या. ताईंनी मायलेकींचा खेळ पंधरा मिनिटं पाहिला.

"तुम्ही तिला एकेचाळीस प्रश्न विचारलेत."

"मोजलेत तुम्ही?"

"मोजता मोजता मलाच धाप लागली. आता तिला तुमच्याकडे बघायला लावू नका. ती जिकडे बघते, तिकडे तुम्ही बघा. आणि एकच शब्द बोला."

"एकच?" बाईंचा चेहराच पडला.

संध्याकाळी बाई लेकीशेजारी फरशीला गाल टेकवून आडव्या झाल्या. तेवढ्यात सासूबाई आल्या.

"अगं बाई, चक्कर आली हिला! पाणी आणा!"

"चक्कर नाही हो आई, चाक बघतेय."

सासूबाई गुडघे धरत खाली बसल्या, मग लवंडल्या. "इथून मस्त दिसतंय की!"

चाक फिरलं की बाई "फिर" म्हणत आणि ओठ घट्ट मिटून घेत. आत शब्दांची नुसती चेंगराचेंगरी. ही सवय कामावरही गेली. एका सकाळी त्यांनी माइकवर "गाडी. आली." एवढंच सांगितलं आणि सगळं स्थानक सैरावैरा धावलं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं ते वेगळंच.

चौथ्या आठवड्यात चाक अडकलं. लेकीने चाकाकडे पाहिलं, मग आईकडे, पुन्हा चाकाकडे. बाई तिच्याकडे झुकल्या.

"फिर?"

"फि."

"बोलली!" सासूबाई एवढ्या मोठ्यांदा ओरडल्या, की पोरगी दचकून टेबलाखाली गेली आणि अर्धा तास बाहेर आली नाही.

आता ती चार वर्षांची आहे. तीसेक शब्द येतात, हाकेला ओ मात्र अजून मर्जी असेल तरच. पण काही आवडलं की आईची हनुवटी धरून तिकडे वळवते. काल तिने समोरच्या गच्चीवर वाळणारा कोणाचा तरी बनियन दाखवला. त्यात काय एवढं, ते बाईंना कळलं नाही. तरी दोघी बराच वेळ बघत उभ्या होत्या.