बर्फावरचा शिरा

धाकट्या भावाचा मला लहानपणापासून हेवा वाटतो, आणि केस पिकायला लागले तरी तो कमी झालेला नाही. अण्णा फौजेतून सुट्टीवर आले की ट्रंकेतली पहिली वस्तू त्याची. टँकर आला की पहिली बादली त्याच्या अंघोळीची. ते एक वेळ चालवून घेतलं असतं. पण छावणीतल्या कॅन्टीनचं अजून डाचतं. अण्णा रिटायर होऊन आल्यावर महिन्याचं सामान आणायला आम्हा दोघांना सायकलवर घेऊन निघायचे. फाटकाशी पोचलं की भाऊ त्यांचं बोट धरून आत जायचा, कारण कार्डावर त्याचं नाव होतं. मी बाहेर सायकल धरून उभी. "पोरींचं नाव नसतंय कार्डावर," आई म्हणायची. आतून तो तोंडात चॉकलेट घोळवत यायचा आणि मला नुसता कागद दाखवायचा. मी आईवर विश्वास ठेवला, पण भावाला माफ केलं नाही.

अण्णांनी पुंडलिकनगरात प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला ज्वारी होती. बघता बघता घरावर घरं चढली, बोअर खोल खोल गेले आणि कोरडे निघाले. ज्या साली जायकवाडी धरण तळाला गेलं, त्या साली आमच्या नळाला आठवड्याने पाणी यायचं. आई तेव्हा हयात नव्हती. मी दोन गल्ल्या सोडून राहत होते. अण्णांचं पाणी, औषधं, पेन्शनची कामं सगळं माझ्याकडे. भाऊ पुण्यात. त्याने नवा फ्लॅट घेतला होता आणि फोन केला होता, "आक्का, अण्णांची पदकं फ्रेम करून हॉलमध्ये लावायची म्हणतोय. कुरियर करशील?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाण्याचे हंडे मी उचलायचे आणि पदकं ह्याच्या हॉलमध्ये. मी म्हटलं, बघते.

त्याच आठवड्यात सव्वीस जानेवारी होती. झेंडावंदनाला अण्णांचे जोडीदार आले होते, पाचोडचे काका. दोघं एकाच दिवशी भरती झालेले, एकाच पलटणीतले. शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसले तेव्हा मला दिसलं, काकांच्या छातीवर एक पदक जास्त आहे. घरी आल्यावर मी अण्णांना विचारलं.

"ते बर्फावरच्या पोस्टचं हाय," अण्णा म्हणाले. "आम्ही दोघं बी होतो तिथं. माझं नोंदवायचं राहिलं."

"मग नोंदवून घ्या ना."

"आता काय फायदा? लई वर्सं झाली."

फायदा मला दिसत होता. जी पदकं होती ती आज ना उद्या पुण्याला जाणार होती. जे नव्हतं ते मी आणणार होते, म्हणजे ते माझं असणार होतं. भावाच्या फ्रेममध्ये एक जागा रिकामी राहणार या विचाराने मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

अण्णांना रिक्षात घालून मी माजी सैनिकांच्या कार्यालयात नेलं. तिथल्या बाबूंनी अण्णांच्या नोकरीच्या नोंदींचं डिस्चार्ज बुक चाळलं. म्हणाले, त्या हिवाळ्याची यांची नोंदच दिसत नाही, तेव्हा हे तिथं होते याचा पुरावा लागेल. सोबतच्या माणसाचं प्रतिज्ञापत्र चालेल. मग कुटुंबाच्या पानाशी आल्यावर सहज विचारलं, "तुम्ही सूनबाई का?"

"मुलगी," मी म्हटलं.

"इथं मुलगी नाही. पत्नी आणि एक मुलगा आहे."

मी पुस्तक त्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतलं. आईचं नाव, खाली भावाचं, खाली कोरं. बाबूंनी समजावलं की मुलींची नावं अगदी मुलांसारखीच चढतात, बापाने पलटणीत कळवायचं असतं. म्हणजे आई म्हणायची ते खरं नव्हतं. पोरींचं नाव असतं. माझं नव्हतं. "आता चढवून तरी काय मिळणार तुम्हाला?" ते म्हणाले. "लग्न झालंय, सवलत काही बसत नाही." मी दोन्ही अर्जांचे कागद मागून घेतले.

रिक्षात अण्णा दांडी धरून बाहेर बघत होते. घर आल्यावर म्हणाले, "तुझं बी राहिलंच."

राहिलं. दूधवाल्याला सुट्टे द्यायचे राहावेत तसं. भावाचं कसं राहिलं नाही? तो अण्णांची बदली शहरातल्या छावणीत असताना जन्मला. त्याची नोंद बारशाच्या आधी झाली, हे आई कौतुकाने सांगायची. त्या रात्री मला झोप येईना. पदक गेलं खड्ड्यात, असंही मनात आलं. पण अर्ज सोडला तर भाऊ जिंकला, म्हणून बाजाराच्या दिवशी अण्णांना घेऊन एसटीने पाचोडला गेले.

बाजारात माल कमी आणि विकायला आणलेली जनावरंच जास्त होती. काकांची मोसंबी वाळली होती. बाग तोडून त्यांनी बांधावर सरपणाचा ढीग लावला होता, पण बोलले बाकी सगळ्या गोष्टींवर. चहा झाल्यावर आम्ही तिघं टायपिंगवाल्याकडे बसलो. त्याने स्टँप पेपर चढवला आणि काकांना विचारलं, "हे त्या हिवाळ्यात तुमच्यासोबतच होते, हे कशावरून सांगता? इतक्या वर्षांचं आठवतं का?"

"आठवतं म्हंजे?" काका म्हणाले. "ह्याला पोरगी झाली ना तव्हा."

मी मान वर केली.

"तार वर पोचायला लई दिस लागले. ह्यानं वाचली आन् उठला. म्हनला, शिरा करतो. तिथं पाणी म्हंजे बर्फ वितळवायचा, त्याला राकेल जाळायचं, आन् राकेल मोजून. सुभेदार शिव्या घालून ऱ्हायला, हा ऐकतोय व्हय? रवा भाजला, डब्याचं दूध घातलं, पार करपला शिरा. सगळ्यांला वाटला. सुभेदाराला बी. त्यो म्हनला, लडकी के लिये इतना? हा म्हनला, पहिली हाय, साहेब."

टायपिंगवाल्याने विचारलं, "हे सगळं लिहू?"

"लिव की. त्याबिगर ते मानतील व्हय?"

मी अण्णांकडे पाहिलं. ते बाहेर बाजाराकडे बघत होते. "अण्णा, हे मला कधी सांगितलं नाही."

"त्यात काय सांगायचं? करपला होता." मग म्हणाले, "मी कळवलं होतं माय तुझं. कारकुनानं लिहून बी घेतलं. मग मला पाय सुजून खाली दवाखान्यात आणलं, तवाचे कागद कुठं गेले कुणास ठाऊक. पुढं तुझ्या भावाचं नाव लिहिताना बाबू म्हनला, पोरीचा दाखला आणा. म्हनलो, पुढच्या सुट्टीत आणतो. आणला नाय."

मला दोन्ही गोष्टींचं काय करावं ते कळेना. शिरा केला तोही हाच माणूस आणि दाखला आणला नाही तोही हाच. राग गेला असं म्हणणार नाही. पण परतीच्या एसटीत मी मनात एक हिशेब केला. भावाच्या जन्माला पेढे आले होते, दुकानातले. राकेल कोणी जाळलं नव्हतं. त्या आनंदात मी पैठण फाट्यापर्यंत आले.

दोन्ही अर्ज एकत्र गेले. दोन उन्हाळे टँकरवर निघाले, आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिसरा मजला उठला, भाऊ दर फोनला पदकांचं विचारत राहिला आणि मी कुरियरवाला भेटत नाही असं सांगत राहिले. मग एका दुपारी रजिस्टर पोस्टाने उत्तर आलं. पदक मंजूर झालं होतं आणि सोबत होतं. कुटुंबाच्या पानाची दुरुस्त नक्कलही होती.

पदकाची डबी मी अण्णांसमोर टेबलावर ठेवली आणि आधी ते पान उघडलं. आईचं नाव. खाली भावाचं. त्याच्या खाली माझं, बापाच्या नावासकट. माझी नोंद नंतर झाली म्हणून ते खाली आलं, हे मला कळत होतं. तरी बोलले.

"अण्णा, मी मोठी आहे."

अण्णांनी चष्मा लावला. पान डोळ्यांजवळ धरून बराच वेळ वाचलं. आता म्हणतील, काय फायदा, म्हणून मी भांडायच्या तयारीत बसले होते. त्यांनी पदकाची डबी, न उघडताच, टेबलाच्या कडेला सरकवली आणि समोर जागा केली.

"व्हय," ते म्हणाले. "तू मोठी. कागद घे, अर्ज लिही."