खिरीतला बदाम

आमच्या घरात जेवणाआधी प्रार्थना आणि प्रार्थनेआधी प्रश्न, असा नाताळचा शिरस्ता होता. बाबा अमरावतीच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. शाळा सुटली तरी भूगोल सुटला नाही. मटणाचा वास घरभर पसरलेला, पोटात कावळे ओरडताहेत, आणि हा माणूस ताटं वाढू देत नाही.

"जपानमधी नाताळले काय खातात?" तळलेली कोंबडी, तीही आधीपासून सांगून ठेवलेली. "चाकाचे बूट घालून चर्चले कुठं जातात?" काराकासला. "कॅरोल सप्टेंबरातच कुठं सुरू होतात?" फिलिपिन्समध्ये. वेल्समध्ये म्हणे घोड्याची कवटी काठीला लावून दारोदार फिरतात आणि घरच्यांशी गाण्यात भांडतात. हे सांगताना "आपल्या कलगी-तुऱ्यावानी" म्हणून ते दोन्ही बाजू स्वतःच गाऊन दाखवत. मला या सगळ्याचा मनापासून वैताग यायचा. उत्तर येत असलं तरी मी मुद्दाम द्यायची नाही.

बदामाचा खेळही त्यांनीच आणला. तिकडे डेन्मार्कात भाताच्या खिरीत एकच अख्खा बदाम लपवतात. ज्याच्या वाटीत निघेल त्याचं पुढचं वर्ष चांगलं. पण सापडला तरी बोलायचं नाही. गालात दाबून ठेवायचा आणि सगळ्यांच्या वाट्या रिकाम्या झाल्या की मगच दाखवायचा. तेव्हापासून आई नाताळच्या खिरीत चारोळीच घालायची, बदाम फक्त एक. एका वर्षी तो माझ्या भावाला निघाला आणि त्याच वर्षी त्याला नोकरी लागली. त्यानंतर आईची त्या बदामावर प्रभूच्या खालोखाल श्रद्धा बसली.

मग एका दिवाळीनंतर बाबांचं जेवण तुटलं. दोन घास झाले की ताट सारायचे. मी लग्नानंतर अकोल्याला, जठारपेठेत राहते, म्हणून भावानं त्यांना इकडच्या डॉक्टरांकडे आणलं. पोटात दुर्बीण घातली, तुकडा तपासायला गेला. डॉक्टरांनी आम्हा दोघा भावंडांना आत बोलावून सांगितलं, जठराचा कॅन्सर आहे, पसरलाय, उन्हाळा निघेलसं वाटत नाही. बाबा बाहेर बाकड्यावर बसले होते.

"अल्सर हाये बाबा," भाऊ बाहेर येऊन म्हणाला. "पथ्य पाळा लागन."

जन्मभर प्रश्न विचारणाऱ्या माणसानं त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. मला तेव्हा हायसं वाटलं.

आईला आम्ही घरी गेल्यावर सांगितलं. ती मेथी निवडत होती, ती निवडतच राहिली. शेवटी म्हणाली, "त्यायले सांगू नोका. येवढा नाताळ धड होऊ द्या त्यायचा." आम्ही लगेच हो म्हटलं. सांगायची छाती तशीही कुणाची नव्हती.

डिसेंबरात चर्चची कॅरोलची मंडळी आली. दरवर्षी ढोलकीवाल्याच्या बाजूला उभे राहून सगळ्यांत मोठ्यानं गाणारे बाबा स्वेटर-मफलर घालून अंगणात खुर्चीवर बसले आणि मांडीवर नुसता ताल धरला. वरूडचे पाहुणे बागेतली संत्री घेऊन आले, तेव्हा बाबा म्हणाले, "इंग्लंडात पोरायच्या मोज्यात एक संत्रं टाकत. एकच! त्यातच पोरं खूश. अन् इथं थैलीभर येऊन पडले त् मले आंबट बंद." सगळे हसले. मी थैली उचलून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून रडले. मला डॉक्टरांचा राग आला, देवाचा आला, त्या संत्र्यांचाही आला.

नाताळच्या दिवशी उपासनेहून आल्यावर बाबा थकले होते. तरी पानावर बसताच त्यांनी बोट वर केलं. "यंदा एकच प्रश्न. पोलंडमधी एक ताट जास्तीचं मांडतात. काहून?"

"न सांगता येणाऱ्या पाहुण्यासाठी," मी पटकन म्हणाले. त्यांना बरं वाटावं म्हणून. बाबांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

जेवणं उरकत आली तशी आईनं आत खीर वाढायला घेतली. बाबांची वाटी लहान आणि अर्धीच भरलेली, त्यामुळे लगेच ओळखू यायची. आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली, तेवढ्यात मी पर्समधलं अकोल्याहून आणलेलं खाऱ्या बदामांचं पाकीट काढलं, एक बदाम नळाखाली धुतला आणि त्या वाटीत तळाशी दाबला. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी दाबला. नंतर भाऊ आत येऊन वाट्या बाहेर घेऊन गेला.

बाबांनी चमचा चमचा करत वाटी संपवली. कित्येक दिवसांत त्यांनी काही संपवलं नव्हतं. आईचा चेहरा उजळला.

"झाल्या का साऱ्यायच्या वाट्या?" त्यांनी विचारलं आणि तोंडातून एक बदाम काढून ताटात ठेवला. मी सुटकेचा श्वास टाकला. मग त्यांनी दुसरा काढला. मग तिसरा.

बाबांनी बोटानं तिन्ही बदाम ओळीत लावले.

"हा सोललेला, तुह्या मायचा, रातीच भिजू घातला असन. हा सालीसगट, घाईतला, या साहेबाचा." भावानं मान खाली घातली. "अन् हा खारट. हा अकोल्याचा." ते माझ्याकडे वळले. "तीन तिगाडा, काम बिगाडा. आता आखरीचा प्रश्न. एकाच्याच वाटीत तीन बदाम कवा निंगतात?"

उत्तर आम्हा तिघांनाही येत होतं. आईनं पदर तोंडावर घेतला.

"अल्सरवाल्याले येवढं नशीब कोनी देत नाई," बाबा म्हणाले. "अन् ही पोट्टी कवाच उत्तर देत नाई, तिनं आज देल्लं. सांगा आता. कवालोक म्हणते डॉक्टर?"

"उन्हाळा..." भाऊ ताटाकडे बघत म्हणाला.

वर्गात बरोबर उत्तर आल्यावर हलवायचे तशी बाबांनी मान हलवली. मग तांब्यातलं पाणी घेऊन तिन्ही बदाम नीट धुतले आणि आमच्या तिघांच्या हातावर एकेक ठेवला.

"घ्या. पुढचं वर्ष तुमाले काढा लागते. मले थोडीच."

ते म्हणाले म्हणून आम्ही खाल्ले. आईला गिळायला फार वेळ लागला.

बाबा गुड फ्रायडेच्या आधीच गेले. आई अजूनही नाताळला खीर करते. बदाम आता कुणी घालत नाही. तरी आम्ही तिघंही प्रत्येक घास जिभेनं चाचपतो आणि मगच गिळतो.