खारपाणपट्ट्यातला समुद्र

दगडावर दगड नीट ठेवता येऊ लागला तेव्हाच माणसाची संस्कृती सुरू झाली, असं माझं एके काळी ठाम मत होतं. पुढे अकोल्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवायला लागलो आणि दगडावर दगड ठेवण्यासाठी नेमलेल्या समितीवर माझी निवड झाली. तेव्हापासून संस्कृतीबद्दल मी जपून बोलतो.

नवं राज्य नुकतंच झालं होतं आणि ज्याला त्याला काहीतरी भव्य करायचं होतं. आमचे प्राचार्य पुण्याहून आलेले. वऱ्हाडातल्या विद्यार्थ्यांनी समुद्र पाहिलेला नाही, हेच त्यांना आमच्या मागासलेपणाचं मूळ वाटे. मुलांना समुद्राकडे नेणं खर्चाचं होतं, म्हणून त्यांनी समुद्रालाच कॉलेजात आणायचं ठरवलं. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत लोखंडी चौकटीची, माणूस आडवा झोपेल एवढी काचेची टाकी उभी राहिली. तिच्यावर ‘सागरदर्शन’ अशी पाटी आधी लागली. पाणी नंतर आलं.

पाणी आलं ते पूर्णेच्या बाजूनं. तो सगळा खारपाणपट्टा. तिथल्या विहिरीच्या पाण्याचा चहा केला तर पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही. प्राचार्यांनी एक घोट घेऊन हा साक्षात अरबी समुद्र असल्याचा निर्वाळा दिला. समुद्रातले क्षार वेगळे असतात, असं प्राणिशास्त्राच्या व्याख्यात्यानं हळूच सुचवलं. मीठ ते मीठ, असं प्राचार्य म्हणाले आणि बैलगाडीवर पिंपं लादून समुद्र अकोल्यात दाखल झाला. त्यात समुद्रातले मासे जगणार नव्हते. म्हणून व्याख्यात्यानं मुकाट्यानं पूर्णेतलेच बोटाएवढे मासे आणि दोन खेकडे आणून सोडायचं ठरवलं.

हा व्याख्याता मोर्शीकडचा. घरी संत्र्याची बाग, आणि ह्याला ओढ माशांची. नोकरी तात्पुरती होती. जूनमध्ये नेमायचं आणि परीक्षा संपल्या की मोकळं करायचं. अमरावतीच्या एका घरी त्याचं लग्न ठरत आलं होतं. पण मुलगी कायम द्यायची तर जावईही कायमच हवा, असं मुलीच्या वडिलांनी कळवलं होतं. त्यात चूक काढायला जागा नव्हती. प्राचार्यांना हे ठाऊक होतं. समुद्राचं उद्घाटन नीट पार पडलं तर संस्थेच्या अध्यक्षांपुढे तुमचा विषय काढीन, असं त्यांनी सांगून ठेवलं. आणि बिघडलं तर जूनमध्ये येऊ नका, हेही सांगून ठेवलं.

आता राहिले दगड. समुद्राच्या तळाशी खडक हवाच, यावर सर्वांचं एकमत होतं. मतभेद होता तो किती हवा यावर. व्याख्यात्यानं कुठून तरी एक परदेशी मासिक मिळवलं होतं आणि त्यातलं तो घोकत असे. दगड थोडे, पाणी जास्त. वाळू आधी पसरायची नाही. खेकडे ती उकरतात आणि वरचा डोलारा बसतो. आधी तळाशी फरशी, तिच्यावर दगड, आणि वाळू सगळ्यात शेवटी. दगडाला काचेचा आधार द्यायचा नाही. मधून हात फिरेल एवढी जागा ठेवायची, म्हणजे पाणीही फिरतं. सिमेंट लावायचं नाही. दगडानं दगडाला तीन ठिकाणी धरलं पाहिजे. या सगळ्याचा अर्थ त्यानं असा काढला की एकूण तीन दगड पुरेत. दोन उभे, एक आडवा.

प्राचार्यांच्या डोळ्यांपुढे मेरू पर्वत होता. त्यात गुहा, गुहेत तांबडा दिवा, वर शिखर. थोडक्यात गणपतीची आरास, फक्त ओली. समितीतल्या प्रत्येकानं आपल्या घरचा दगड आणला. कोणी कौंडण्यपूरच्या नदीपात्रातले गोटे आणले. संस्कृतच्या प्राध्यापकांनी रामेश्वरचा तरंगता दगड मोठ्या मनानं देऊ केला. तो तळाशी कसा बसवायचा, असं व्याख्यात्यानं विचारलं तेव्हा ते दुखावले. माझ्याकडून ऐपतीप्रमाणे लोणच्याच्या बरणीवरचा दगड गेला. समिती संध्याकाळी दगड रचून जायची आणि व्याख्याता सकाळी ते काढून ठेवायचा. आपल्या तीन दगडांना तो बोटानं ढकलून पाहायचा, फरशीसकट उचलायचा, पुन्हा बसवायचा. दिवाळीची सुट्टी त्याची यातच गेली. एवढी निष्ठा त्यानं संत्र्यांवर दाखवली असती तर बाप सुखी झाला असता.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी प्राचार्य व्याख्यात्याला घेऊन टाकीपुढे उभे राहिले.

“हे फार रिकामं वाटतंय हो.”

“रिकामंच हाय सर. माशाले फिराले जागा लागते.”

“पण पाहुण्यांना दिसणार काय?”

“पाणी.”

प्राचार्यांनी डोळे मिटले. निदान शिखर तरी पाण्याच्या वर आलं पाहिजे, मागच्या रांगेला दिसलं पाहिजे, ही त्यांची अखेरची अट. व्याख्यात्यानं मान डोलावली, आणि दगड वाढवण्याऐवजी बादलीनं पाणी कमी केलं. आडव्या दगडाची पाठ चार बोटं वर आली. शिखर झालं. आम्ही समितीवाले त्याच्या हुशारीवर खूश झालो; पुढचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

अध्यक्षांची जिनिंग फॅक्टरी होती. दर हंगामाला, पहिला कापूस यंत्रात जायच्या आधी, ते स्वतः नारळ फोडत. प्राचार्यांनी फीत आणि तबकात कात्री ठेवली होती. अध्यक्षांनी येताना नारळ आणला होता. आधी प्राचार्यांचं भाषण झालं. ‘माझी संकल्पना’ हे शब्द त्यात इतक्यांदा आले की मासेसुद्धा दगडाआड गेले. मग अध्यक्षांनी फीत कापली, टाकीत डोकावून पाहिलं, आणि पाण्यातून वर आलेला तो काळा, सपाट, ओला दगड त्यांना दिसला. वऱ्हाडात असा दगड दिसला की माणसाचा हात आपोआप कुंकवाकडे जातो. त्यांनी दगडाला कुंकवाचं बोट टेकवलं आणि नारळ उचलला.

व्याख्याता पुढे झाला. “साहेब, तिथं नका फोडू. काच हाय.”

“काचेवर कोण फोडून राहिलं, मास्तर? दगडावर फोडतो.”

नारळ आपटला. चारी काचा झणझणल्या. प्राचार्यांनी धोतराचा सोगा वर उचलला. समुद्र अंगावर येणार याची त्यांना खात्री होती. व्याख्याता दगडाकडे नव्हे, खिडकीबाहेर पाहत होता. बहुधा अमरावतीच्या दिशेनं.

काहीच झालं नाही. नारळाची दोन भकलं झाली, पाणी समुद्रात गेलं, दगड तसूभर हलला नाही. अध्यक्षांनी त्याच्यावर तळहात दाबून पाहिला.

“कोणं बसवला हा?”

प्राचार्यांना आवाजात राग ऐकू आला. “यांनी,” ते म्हणाले. “सर्वस्वी यांनीच. माझा काही संबंध नाही.”

“पक्का बसवला. आमच्या जिनातल्या गवंड्याले हे नाई जमत. कायम हाय का हे मास्तर?”

“विचाराधीन आहे.”

“विचार कायचा करता? करून टाका.”

नारळाच्या पाण्यानं आणि कुंकवानं मासे आठवड्याभरात मेले. खेकडे टिकले. नेमणुकीचा हुकूम त्याच महिन्यात निघाला आणि अमरावतीला लग्न थाटात लागलं. प्राचार्यांनी आहेरात शंख दिला.

मात्र अध्यक्ष त्या दगडाला विसरले नाहीत. वसतिगृहाला दगडी कुंपण घालायचं निघालं तेव्हा देखरेख त्यांनी प्राणिशास्त्राकडे सोपवली. व्याख्यात्यानं आपला विषय मासे असल्याचं सांगून पाहिलं. पाण्यात दगड बसवणाऱ्याला जमिनीवर काय अवघड, असं उत्तर मिळालं. मग त्यानं मासिक पुन्हा काढलं. दगड थोडे, सिमेंट नाही, मधून हवा खेळती. गवंडी नको म्हणत होता, पण सांगितलं तसं त्यानं रचलं.

पुढल्या वर्षी एका म्हशीनं त्या भिंतीला अंग घासलं आणि एक बाजू आडवी झाली. रीतसर चौकशी झाली. व्याख्याता कायम होता, म्हणून गवंड्याला काढलं.