चाळीस दिवसांचा तारा

खरं तर ताऱ्यांवर लिहावं असा माझा काही अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि ज्या ताऱ्याबद्दल लिहितो आहे तो मी डोळ्यांनी कधी पाहिलेलाही नाही. चुकलंमाकलं तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी आमच्या मॅडमनी मला एक तारा दिला, कोरी वही हातात द्यावी तसा. काही तारे विचित्र असतात. सिलिकॉन, क्रोमियम अशी द्रव्यं त्यांच्या पृष्ठभागावर डागांसारखी एकेका जागी साठतात. तारा फिरला की डाग समोर येतात, मागे जातात, आणि त्याचा उजेड किंचित कमीजास्त होतो. दूर कुठल्याशा डोंगरावरची एक दुर्बीण दर निरभ्र रात्री आकाशाचे फोटो काढते. ती मोजमापं कुणालाही फुकट मिळतात. मला ती आमच्या भुईगावात, भर दुपारी, केळीच्या बागेत बसून मिळाली. लॅपटॉपवर कित्येक वर्षांचे ठिपके उमटले तेव्हा मी नकळत क्रुसाची खूण केली.

ठिपके जुळवून मी उत्तर काढलं: तारा चाळीस दिवसांत एकदा फिरतो. मॅडम खूश झाल्या. असे संथ तारे कमी सापडतात. मॅडमच्या विचित्र ताऱ्यांच्या यादीत तो जाणार होता, माझ्या नावासकट. बाप्तिस्म्याच्या वहीपलीकडे आमच्यापैकी कुणाचं नाव कुठे गेलेलं नाही.

घरी सांगितलं तेव्हा बाबा केळीची सुकलेली पानं काढत होते. (आमची घरची बोली वेगळी आहे, इथे साधी करून लिहितो.)

"ती दुर्बीण रोज कधी बघते?"

"रात्री एकदा. साधारण ठरलेल्या वेळी."

"मग कसली रे तुझी दुर्बीण! फक्त रविवारी चर्चमध्ये मिस्साला येणाऱ्या पाहुण्याला वाटेल, भुईगावात सगळे रोज इस्त्रीचे कपडे घालतात."

"आणि तुमचा सोमवारचा बनियन बघितला तर पाहुणा परत फिरकायचा नाही," ओट्यावरून आई म्हणाली.

आम्ही हसलो. हसता हसता मी थांबलो. तारा जर एका दिवसाहून जरासाच जास्त वेळ घेत असेल, तर रोज त्याच वेळी बघणाऱ्याला तो जवळजवळ तोच चेहरा दाखवणार, थोडासा सरकलेला. बघणाऱ्याला वाटणार, किती संथ! आपल्या सूर्याला एका गिरकीला जवळपास महिना लागतो. माझा तारा तर त्याहूनही मोठा. एवढा गोळा एका दिवसात फिरत असेल?

मॅडमना कळवायला दुसरा दिवस उजाडला. माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवर उभं राहून फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या,

"अवकाशातली दुर्बीण सलग बघत राहते, तिला दिवस-रात्र नाही. तिची मोजमापं अजून यायची आहेत. तोवर तुझा तारा यादीबाहेर."

काही आठवडे मी घरी ताऱ्याचा विषय काढला नाही. बाबांनीही काढला नाही.

काल बागेत पाणी सोडत होतो तेव्हा मॅडमचा मेसेज आला. ओल्या हातानेच उघडला आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखवला: "चाळीस दिवस नाहीत. एक दिवस आणि सदतीस मिनिटं. यादीत घेतला आहे, तुझ्या नावासकट."