आमच्या घरी न शिजणारी मासळी

खाडीकाठच्या तळवली गावात माझ्या लहानपणी घरात मासळी शिजली नाही असा दिवस क्वचितच जायचा. बा खाडीत जाळं टाकायचा आणि आय ती मासळी पाटीत घालून विकायला न्यायची. पाटी भरायच्या आधी ती घरासाठी चार बोया, खाडीतले चांदीसारखे मासे, बाजूला काढायची. उरलेलं घरात खायचं ही तिची पद्धतच नव्हती.

मी दहावीला असताना एका दुपारी बोयच्या कालवणाला रॉकेलचा वास आला. आयनं पहिला संशय माझ्यावर घेतला.

"स्टो भरलास नि तेच हात लावलेस काय गं?"

मी हात धुतले होते. तिनं कालवण ओतून दिलं आणि टोप राखेनं तीनदा घासला. दुसऱ्या दिवशी शेजारीणही आपलं कालवण उकिरड्यावर ओतताना दिसली. ठाणे-बेलापूर रस्त्याला एकामागून एक कारखाने उभे राहिले होते. त्यांचं पाणी नाल्यानं खाडीत येत होतं, कधी तांबूस, कधी वर पिवळट फेस घेऊन. सुरुवातीला एखाद्या दिवशीच मासळी वासाची निघायची. मग आठवड्यातून दोनदा. मग आम्ही बोय चुलीवर ठेवण्याआधी हुंगायला लागलो, आणि वर्षा-दोन वर्षांत हुंगायचंही सोडून दिलं, कारण घरात ती शिजतच नव्हती.

माझे चुलते गावात शब्द असलेला माणूस. एका सकाळी त्यांनी गाव गोळा केलं, खाडीकाठी मरून पडलेली मासळी दोन पाट्यांत भरली आणि आमच्या सगळ्यात जवळच्या कारखान्याच्या फाटकात नेऊन ओतली. मी त्या गर्दीत होते. काका ओरडत होते, "हे खाऊन दाखवा, मग आमी घरी जातो!" मला तेव्हा त्यांचा इतका अभिमान वाटला की घसा दुखेपर्यंत मीही ओरडले.

त्यानंतर काकांना आत बोलावलं गेलं. पहिल्या वेळी ते उभ्यानं बोलून आले. दुसऱ्या वेळी त्यांना खुर्ची मिळाली, तिसऱ्या वेळी चहा. पाण्याचं काहीच झालं नाही. गावातल्या शिकलेल्या पोरांपैकी काहींना कारखान्यात नोकऱ्या द्यायचं ठरलं. मी टायपिंग शिकले होते. पहिल्याच यादीत माझं नाव लागलं. पुढच्या वर्षी काकांच्या दारात ट्रक उभा राहिला आणि तो खाडीकाठचं खाजण बुजवायला माती वाहू लागला. काका सफारी घालायला लागले. मरून पडलेली मासळी त्यानंतरही दिसायची, पण ती कुणी पाटीत भरली नाही.

ऑफिसात माझ्याकडे महिन्याला एक पत्र टाइप करायला यायचं. ते सरकारी खात्याला जायचं. कारखान्याचं पाणी शुद्ध करूनच खाडीत सोडलं जातं, असं त्यात इंग्रजीत लिहिलेलं असे. माझ्या टेबलामागच्या खिडकीतून नाला दिसायचा. उन्हाळ्यात त्याचा वास असा काही आत यायचा की साहेब खिडकी लावून घ्यायला सांगत. मी उठून खिडकी लावायची आणि परत येऊन ते वाक्य पुरं करायची.

आय तेव्हा वाशीच्या बिल्डिंगांत मासळी विकायची. घरात जी आम्ही खात नव्हतो, तीच. पहाटे ती बोया चिंचेच्या पाण्यात घालायची, हळद चोळायची, ओल्या फडक्यानं झाकायची. मला दिसत होतं. मी विचारलं नाही.

एका रविवारी तिचा गुडघा सुजला म्हणून पाटी धरायला मी बरोबर गेले. तिसऱ्या मजल्यावर एक नवी लग्न झालेली बाई होती, देशावरची. नवऱ्याला मासळी आवडते म्हणून ती शिकत होती. दारात बसून ती म्हणाली, "मावशी, मला यातलं काही कळत नाही. तुम्हीच बघून द्या." आयनं चार बोया काढून तिच्या ताटात ठेवल्या. बाईनं वाकून वास घेतला, जरा मागे झाली आणि आपल्याच अडाणीपणाला हसली.

"मावशी, मासळीचा वास असाच असतो का हो?"

"आसाच आसतो, बाय," आय म्हणाली. "सवय होते मंग."

बाईनं मान हलवली. ती ते शिकून घेत होती. जिना उतरताना मी आयला म्हटलं, "लाज नाय वाटली तुला?"

ती पायरीवर थांबली. "मी चार घरांत खोटं बोलतंय, पोट भराला. तू कागदावर खोटं लिवतंस, शाई लावून. मना वाचता येत नाय म्हनून मना कलत नाय, आसं वाटलं तुला?"

त्या महिन्यात मी पत्रातलं ते वाक्य गाळलं. साहेबांनी पत्र परत पाठवलं. सही करायच्या जागी फुली होती आणि समासात फक्त 'राहिले' असं लिहिलं होतं. ते रागावलेसुद्धा नाहीत. मी नवा कागद लावला आणि वाक्य टाइप केलं.

आणि मग मी जे केलं, त्याची मला आजही शिसारी येते. पुढच्या रविवारी मी एकटीच त्या बाईकडे गेले आणि सगळं सांगून आले. मासळीला रॉकेलचा वास का येतो, चिंच-हळद कशाला, आम्ही घरी ती का खात नाही. कुठल्या कारखान्याचा नाला आणि तिथे मी काय टाइप करते, एवढं मात्र सांगितलं नाही. बाई भेदरली. तिनं माझा हात धरून आभार मानले. उतरताना मला हलकं वाटलं, अगदी खरं बोलून आल्यासारखं.

आठवड्याच्या आत त्या सोसायटीच्या फाटकावर आयला अडवलं. मग शेजारच्या सोसायटीतही. हे तिच्याच मुलीनं सांगितलंय, असं वॉचमननं तिला ऐकवलं असणार. घरी येऊन तिनं रिकामी पाटी कोपऱ्यात उपडी घातली. साहेबांपुढे मी दोन मिनिटं टिकले नव्हते. सगळं खरेपण मी आयच्या पाटीवर काढलं होतं.

महिनाभरानं ती जुईनगरच्या बाजूला एका घरात धुणीभांडी करायला जाऊ लागली. कुणाच्या उष्ट्याला हात न लावलेली बाई. पहिल्या दिवशी संध्याकाळी ती नखं घासत मोरीवर कितीतरी वेळ बसून होती.

त्याच सुमारास मी नोकरीत कायम झाले. काका पेढ्यांचा पुडा घेऊन आले, सफारीच्या खिशात पेनं लावून. "पाहिलंस?" ते बाला म्हणाले. "गावाचं काय वाईट झालं सांग." बाचं जाळं तेव्हा वर्षातून पावसाळ्यापुरतंच बाहेर निघत होतं.

आय नुकतीच कामावरून आली होती. तिनं पदराला हात पुसले, पेढा घेतला आणि खाल्ला. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "बरा झाला. आता तुला कोन काढनार नाय."

ती टोचून बोलत असेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती मनापासून खूश होती.