ज्वारीचे नूडल्स आणि भिंतीवरचे दोन ठोके

मंडळी, आज माझे ज्वारीचे नूडल्स तुटले नाहीत!

दर वेळी भुगा व्हायचा. शेजारच्या शुक्ला भाभी हसायच्या, "ये नूडल्स हैं कि दलिया? चम्मच दो!" आज ज्वारीत निम्मं गव्हाचं पीठ घातलं, उकळत्या पाण्यात मळलं आणि चकलीच्या सोऱ्यातून थेट आधणात सोडलं. काय लांबलचक निघाले!

आनंदाच्या भरात लाटणं घेऊन स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोनदा ठोकलं.

टाउनशिपमध्ये आमच्या दोघींच्या क्वार्टरची भिंत एकच. माझे दोन ठोके म्हणजे "वाटी घेऊन या." त्यांचा एक ठोका म्हणजे "आले."

ठोकल्यावर आठवलं. शुक्ला भाईसाहेब रिटायर झाले, दोघं सतन्याला, त्यांच्या गावी गेली. पलीकडे कुलूप आहे. रिकाम्या घरात आवाज फार घुमतो हो.

मग भाभींना फोटो पाठवला. लिहिलं, "चम्मच नहीं लगेगी."

थोड्या वेळाने त्यांचा व्हॉइस मेसेज आला. शब्द एकही नव्हता. फक्त एक ठोका.

वेडेपणा बघा माझा, मी जाऊन दार उघडलं.