काकूंसमोर मी होला हो केलं

परवा रविवारी नेरुळला आमच्या घरी नामदेवदादा आले होते... आणि मी स्वतःच्याच हॉलमध्ये अशी वागले की अजून घास गोड लागत नाही.

मी तळोज्याला एका कंपनीत एक्स्पोर्टची डॉक्युमेंट्स बघते. म्हशीचं मांस परदेशी जातं आमचं. सोसायटीत मात्र 'फ्रोझन फूड' एवढंच सांगितलंय... उगाच टेन्शन नको म्हणून.

सरकारने वाहतुकीचं अनुदान बंद केलं, तसा आमचा माल बाहेर महाग पडायला लागला. ऑर्डरी तुटल्या, भाकड म्हशींना बाजारात कोणी विचारेना, आणि आमची लोडिंगची एक पाळी बंद झाली. दादा त्याच पाळीचे सुपरवायझर. दुसऱ्या पाळीत घ्या असं मी मॅनेजरला सांगावं, म्हणून आले होते बिचारे. येताना ताजा जिताडा मासा आणलेला.

चहा ठेवते तोच समोरच्या काकू विरजण मागायला आल्या. टीव्हीवर ऐकून आलेल्या. "त्या मांसवाल्यांचं अनुदान बंद झालं गं, बरं झालं! आपल्या टॅक्सवर कसले धंदे!"

आणि मी काय म्हणावं? "हो ना काकू, बरंच झालं." शी! दादा समोर बसलेत, आणि माझी जीभ अशी वळली...

दादा माझ्याच कंपनीतले म्हटल्यावर काकूंनी सहज त्यांना विचारलं, तुमच्या कंपनीत काय बनतं हो? दादांनी एकदा माझ्याकडे बघितलं. "मटार, मका... थंड करून भायेर पाठवतो."

काकू गेल्या. मी कामाचा विषय काढला, तर दादा उठलेच. "र्‍हाऊंदे ताई. तुमाला हितं राव्हाचा हाय." इतकी लाज वाटली की लिफ्टपर्यंत सोडायलासुद्धा गेले नाही.

काल मॅनेजरशी बोलले. दुसऱ्या पाळीतही माणसं जास्तच झालीत म्हणे.

काकू, तुम्ही हे वाचणार, माहीत आहे मला. अनुदान असावं की नसावं, त्यावर खुशाल भांडू आपण. पण माझं घर त्याच धंद्यावर चालतं, आणि माझी अब्रू सांभाळायला एका भल्या माणसाला खोटं बोलावं लागलं.

तळोजा, कळंबोली, उरण... कुठे कोल्ड स्टोरेजमध्ये जागा असेल तर कळवा. माणूस सोन्यासारखा आहे. शिफारस कोणाची विचारलं तर बिनधास्त माझं नाव सांगा... म्हशीच्या मांसाच्या कंपनीत दादांसोबत काम करते, असंच सांगा.